उसना पाय

टण्णऽऽ...

डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गिरक्या घेत घेत लांब गेलं आणि माझ्या डाव्या चाकाला टेकून गप्प झालं. एवढ्या मोठ्या हँगरमध्ये तेवढाच एक आवाज. जेवणाची सुट्टी होती. यंत्रं बंद, शिड्या मोकळ्या, माणसं बाहेर उन्हात गप्पा छाटत बसलेली. आत फक्त मी, आणि माझ्या पंखाच्या सावलीत घाईघाईनं डबा उघडणारी चाकवाली ताई.

मित्रांनो, ते झाकण पडलं नसतं तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते. पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. म्हणून मुळापासून सांगते.

मी एक जुनी बॉम्बर आहे. पोटात बॉम्ब भरून लांबवर नेणारं विमान. पण इथली माणसं मला सुरुवातीला 'बाईसाहेब' म्हणायची आणि पुढे 'म्हातारी' म्हणू लागली. इतकी वर्षं ऐकून ऐकून मीही स्वतःला बाईमाणूसच समजते.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. माझी पत्र्याची कातडी जोडायला बायकांच्या जोड्या असत. एक बाहेरून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी खीळ, ठोकायची, दुसरी माझ्या आत अंग चोरून बसायची आणि रिव्हेटच्या मागे लोखंडाचा ठोकळा दाबून धरायची. मध्ये पत्रा, त्यामुळे दोघींना एकमेकींचं तोंड दिसायचं नाही आणि गोंगाटात हाकही ऐकू जायची नाही. मग त्या पत्र्यावर टकटक करून बोलायच्या. एक ठोका म्हणजे 'अजून एकदा'. दोन ठोके म्हणजे 'झालं, पुढे चल'. मी जगात आल्यावर पहिली भाषा शिकले ती ही. एखादी आतून विनाकारण चार-पाच ठोके द्यायची, म्हणजे 'भूक लागली गं', आणि बाहेरची एकटीच हसायची. पाळण्यातल्या बाळाला घरातले आवाज आठवत राहावेत तसे ते ठोके मला अजून आठवतात.

आम्ही सहाजणी होतो. आमच्या हवाई दलाचा एवढाच बॉम्बरचा ताफा. सहाजणी एका ओळीत उभ्या राहिलो की येणारा-जाणारा मान वळवून बघायचा. माझ्या डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. थोरली शांत, धाकटी भारी अवखळ. वारा आला की तिचं शेपूट सगळ्यात आधी थरथरायचं.

मला पहिल्यांदा ज्या तरुण वैमानिकानं उडवलं, त्याच्या ओठांवर तेव्हा नुसती लव होती. उतरल्यावर तो माझ्या नाकाखाली उभा राहून म्हणाला, "बाईसाहेब, फार जड नाही ना गेलो?" सगळे हसले. मला मात्र तो तेव्हाच आवडला.

मग एक युद्ध झालं. मोठी माणसं म्हणतात, लहानसंच होतं. मित्रांनो, माझं काम तुम्हाला सांगताना मला जड जातं, पण लपवायचं कशाला? मी लांब जायचे. माझ्या पोटाची दारं उघडायची. पोटातलं ओझं सुटलं की मी एकदम हलकी होऊन वर उसळायचे. ते हलकं होणं फार सुखाचं वाटायचं, हे खरं आहे. खाली काय झालं ते मी कधीच पाहिलं नाही. खाली ढग असायचे, आणि कधी ढगांच्या फटीत दूर कुठेतरी धुराचा पुंजका. तोवर मी वळलेली असायचे. परत आले की लोक मला मिठ्या मारायचे. माझ्या चाकांना हार घातले, माझ्यापुढे उभं राहून फोटो काढले. मीही सुखावले. ज्यांच्या अंगणात ते ओझं पडलं, त्यांच्याकडून मात्र मला कधी निरोप आला नाही.

युद्ध संपलं. वर्षं गेली. लव असलेल्या वैमानिकाला भरघोस मिशा आल्या, पुढे त्या पांढऱ्या झाल्या आणि तो 'मिशीवाले साहेब' झाला. मला घडवणारा कारखाना बंद पडला. माझ्या मापाचे भाग आता जगात कुठेच बनत नव्हते. मग आमच्या हँगरमध्ये उसनवारी सुरू झाली.

घरात साखर संपली की आपण शेजारी वाटी घेऊन जातो, तसंच. एकीचा पंप बिघडला की दुसरीचा काढून तिला लावायचा. आमच्याकडे तेलाची झारी घेऊन फिरणारे एक म्हातारे मेकॅनिक होते. सगळे त्यांना 'तेलमामा' म्हणत. "काढला म्हणायचं नाही. उसना नेला म्हणायचं," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. भाग काढला की त्या रिकाम्या जागेवर ते खडूनं लिहीत, 'उसना नेला, म्हातारीकडे', आणि जिचा भाग नेला तिच्या अंगावर हात फिरवून म्हणत, "देतो हां परत."

परत कधीच देता आलं नाही. मी सगळ्यांत धडधाकट, म्हणून सगळं माझ्याकडेच येत गेलं. थोरलीच्या नाकाची काच माझ्या नाकाला आली. दोघीतिघींचे पंप, नळ्या, तारा माझ्या पोटात आल्या. शेवटी धाकटीचा डावा पाय माझ्या डाव्या पायाच्या जागी आला. चाकाच्या वरचा तो जाड खांब. विमानं उतरतात ती त्याच्यावर. धाकटी लाकडी ठोकळ्यांवर टेकून राहिली. अशी मी एकटी उडत राहिले आणि पाचजणी माझ्याकडे बघत राहिल्या. बघत तरी कशा म्हणू? त्यांच्या काचाही गेल्या होत्या. वाऱ्याच्या दिवशी त्यांच्या रिकाम्या खिडक्यांतून हूऽऽ असा सूर निघायचा. मी वरून फिरून यायचे, माझ्या जागेवर थांबायचे, इंजिनं गार होताना टिकटिकायची आणि मग शांतता. मला सांगायचं असायचं, आज पश्चिमेला ढगांचा केवढा डोंगर होता! सांगू कुणाला?

शेवटी मोठा प्रश्न निघालाच. हा जुना ताफा ठेवायचा, की सगळ्यांना रजा देऊन नवी विमानं आणायची? त्यासाठी एक समिती आली. मिशीवाले साहेब तिच्यात होते. एक चष्मेवाल्या इंजिनिअर बाईही होत्या. माझ्या पंखाखाली उभं राहूनच दोघांची जुंपली.

साहेब म्हणाले, "नवीन विमानं यायला किती वर्षं लागतील, कुणी सांगू शकतं का? तोवर काय आभाळाकडे नुसतं बघत बसायचं? ही मी चालवली आहे. हिनं मला एकदाही दगा दिला नाही."

"नसेल दिला, सर. पण हिच्यातलं हिचं आता किती उरलंय?"

"अहो बाई, माझ्या तोंडातले निम्मे दात माझे नाहीत. तरी मी जेवतोच की!"

"सर, तुमच्या दातांवर चारजण बसून आकाशात जात नाहीत."

तेलमामांनी हसू दाबण्यासाठी झारीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मला मात्र हसू आलं नाही. दोघांचंही खरं होतं, हीच तर अडचण होती.

अखेर ठरलं की समितीसमोर माझं एक उड्डाण करायचं. नीट झालं, तर आमचा ताफा ठेवायचा. कुठलातरी कारखाना आमचे भाग मुद्दाम घडवून देईल आणि पाचहीजणींना पुन्हा उभं केलं जाईल. मित्रांनो, हे ऐकल्यावर माझं काय झालं असेल? पाचहीजणी पुन्हा उठणार! उसनं सगळं फिटणार! पुन्हा एका ओळीत सहाजणी! मला फक्त एकदा वर जाऊन खाली यायचं होतं.

मग माझी तयारी सुरू झाली. मला धुतलं, पुसलं. पायांना ताजा पांढरा रंग दिला. तेलमामा म्हणाले, "म्हातारीला नटवा रे, तिला पाहायला येणार आहेत." घरच्या माणसांनाही भेटायला बोलावलं होतं. चाकवाली ताई, म्हणजे आमच्या चाकांची आणि पायांची तपासणी करणारी मेकॅनिक, आपल्या लेकीला घेऊन आली. लेक पाच वर्षांची. एका जागी उभी म्हणून राहत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचा बाबा माझ्यातच बसायचा. तो नकाशे बघून वाट सांगायचा, म्हणून तो 'नकाशेवाला'. तो माझ्या पोटातल्या दारातून डोकं खाली काढून ओरडला, "भिंगरे, झेल!" आणि आपली टोपी सोडली. भिंगरीनं फ्रॉक पसरून टोपी अल्लद झेलली. मग त्यानं रुमाल सोडला, मग एक हातमोजा. तिनं सगळं झेललं. "अजून टाक! अजून टाक!" माझ्या पोटाखाली एवढं हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी माझ्या टाक्या भरल्या. वजन वाढलं, तसा डाव्या पायात एक ठणका उठला. धाकटीच्या पायात. ती एकदा वाऱ्यानं आपटून उतरली होती. तेव्हा तो पाय तपासला होता आणि ठणठणीत निघाला होता. पण आत काहीतरी राहिलं असावं. मला ते कळत होतं, मित्रांनो. आणि तरीही मला उडायचं होतं.

तेव्हाच ते झाकण पडलं.

ताई ते उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. ताज्या पांढऱ्या रंगावर एक लालसर रेघ उमटली होती. माझ्या पायातलं तेल लाल असतं आणि मी गळते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईनं फडक्यानं रेघ पुसली. थोड्या वेळानं ती पुन्हा तिथेच उमटली, तशीच बारीक. थेंब असता तर ओघळला असता. हे तेल मात्र कशात तरी जाऊन बसलं होतं. तिनं नखानं रंग खरवडला, खिशातलं भिंग काढलं, आणि डबा तसाच उघडा राहिला.

"मामा, जरा इकडे या."

बाहेरून आवाज आला, "जेवू दे की गं! म्हातारी आहे, गळायचीच. मीपण गळतो."

"मामा. या."

तिचा आवाज ऐकून ते आले. गुडघ्यांवर बसून बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"तडा आहे," ते हळूच म्हणाले. "धाकटीचाच ना हा पाय?"

"तिचाच."

"आणि आपण त्याच्यावर रंग चोपडला. पांढरा रंग देतात तो तडा दिसावा म्हणून, आणि आपण दिला तो तडा बुजवायला. शाबास आपली!"

एवढ्यात नकाशेवाला आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी तड्याकडे पाहिलं, मग ओळीतल्या पाच सांगाड्यांकडे.

"एकच उड्डाण आहे गं. वर जायचं, एक चक्कर मारायची, खाली यायचं. उद्या ही उडाली नाही तर सगळ्यांचंच संपलं. मला नव्या विमानांचं शिकायला पाठवतील, कुठल्या कुठे. वर्ष-दोन वर्षं तुम्ही दोघी इथं आणि मी तिथं. चालेल तुला?"

"नाही चालणार."

"मग?"

"वर जाशील रे तू. पाय वर जाताना मोडत नाही, उतरताना मोडतो."

"मोडेलच अशी खात्री आहे तुझी?"

"नाही," ताई म्हणाली. "म्हणूनच नको म्हणते."

खाली बसून तिचा उघडा डबा त्यानं बंद करून ठेवला.

तेलमामा मात्र उठले. "दुसरा पाय उसना आणू," म्हणाले आणि झारी घेऊन ओळीतून निघाले. थोरलीपाशी थांबले. ती ठोकळ्यांवर होती. पुढच्या तिघींकडे वाकून पाहिलं. कुणाला डावा पाय नव्हता, कुणाला होता तो कधीच निकामी झालेला. शेवटी धाकटीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांचीच खडूची अक्षरं त्यांच्यासमोर होती. ती वाचून ते हळूहळू परत आले.

"उसनं मागायला शेजारच उरला नाही गं," ते म्हणाले.

मिशीवाल्या साहेबांना बोलावलं. चष्मेवाल्या बाईही आल्या. साहेबांनी भिंगातून पाहिलं. ते वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "मी जरा आत बसतो," आणि शिडी चढून एकटेच माझ्या कॉकपिटमध्ये आले. गुडघे कुरकुरले. माझ्या जुन्या खुर्चीत बसून त्यांनी समोरच्या काचेवर, थोरलीच्या काचेवर, बोट फिरवलं.

"बाईसाहेब," ते पुटपुटले, "मला वाटलं होतं, तुम्हाला ठेवलं म्हणजे मीही थोडा राहीन."

मग निघताना त्यांनी माझ्या पत्र्यावर दोनदा टकटक केली. माझी ती पाळण्यातली भाषा त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हातारी माणसं उठताना कशावर तरी हात आपटतात, तसंच असेल ते. पण मला मात्र स्पष्ट ऐकू आलं. झालं, पुढे चल.

खाली येऊन ते म्हणाले, "उद्याचं उड्डाण रद्द. समितीला मी सांगतो." आणि बाईंकडे वळून, "तुम्ही विचारलेलं बरोबर होतं. पण नवीन येईपर्यंत काय, हे माझंही बरोबर होतं."

"हो सर," बाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

मित्रांनो, पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवण्यात मला सुख नाही. नवी विमानं आणायचं ठरलं. पाचजणींना तुकडे करून ट्रकमधून नेलं. धाकटी शेवटची निघाली. हँगरच्या दारातून जाताना तिच्या अंगावरची खडूची अक्षरं उन्हात चमकली, 'उसना नेला, म्हातारीकडे'. तेलमामांनी ती पुसली नाहीत. मी इतक्या जणींचं इतकं घेतलं, आणि परत द्यायचं राहूनच गेलं.

मला मात्र एका बागेत आणून उभं केलं. घसरगुंडी आणि झोपाळ्यांच्या पलीकडे, सिमेंटच्या ओट्यावर. डावा पाय तोच आहे. आता त्याच्यावर उतरायचं ओझं नाही, नुसतं उभं राहायचं. संध्याकाळी मुलं येतात, माझ्या चाकांवर चढतात, मी वैमानिक, तू शत्रू, असं खेळतात. दुपारी कुणी नसतं. अशा वेळी वारा आला की धाकटीचा पाय किंचित थरथरतो. तेवढीच सोबत.

माझ्या पोटाची दारं उघडी असतात. त्यात पक्षी घरटी करतात, काड्या पडतात, म्हणून बागेच्या माळ्याला ती कायमची बंद करायची होती. सुट्टीच्या दिवशी माझे पाय पुसायला येणाऱ्या चाकवाल्या ताईनं त्याला थांबवलं. "काड्या मी झाडून देईन दादा, पण दारं राहू द्या," म्हणाली. मित्रांनो, माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मला रंग द्या, न द्या. माझ्या अंगावर नावं कोरू नका, एवढं मात्र जपा. आणि माझं पोट झाकू नका. माझ्याकडे बघायला याल, तेव्हा आधी पंखांकडे बघू नका. खाली या, वाका, आणि त्या रिकाम्या अंधाराकडे एकदा बघा. मी कशासाठी होते ते तिथे आहे. नवी विमानं माझ्याहून चांगली असतील, त्यांचे पाय त्यांचे स्वतःचे असतील, त्यात बसणारे सुखरूप घरी येतील. ते बरंच आहे. पण पोट त्यांनाही आहे.

परवा ताई आली, तेव्हा बरोबर भिंगरी होती. नकाशेवाला दूर गेला आहे, नव्या विमानांचं शिकायला. भिंगरी थोडी उंच झाली आहे. ताई फडक्यानं धाकटीचा पाय पुसत होती. भिंगरी एकटीच माझ्या पोटाखाली येऊन उभी राहिली. सवयीनं तिनं फ्रॉक पसरला आणि वर बघत राहिली. वरून काही आलं नाही.

"आई, बाबाच्या नव्या विमानाला पण असं पोट असतं?"

"असतं."

"ह्याच्याहून मोठं?"

"हो गं, ह्याच्याहून मोठं."

"आणि त्यातनं पण खाली टाकतात?"

ताईचं फडकं चालत राहिलं. भिंगरीनं फ्रॉक तसाच पसरून धरला होता. माझ्या पोटातल्या अंधारात डोळे लावून तिनं विचारलं,

"मग खाली झेलायला कोण उभं असतं?"

ताईचा हात धाकटीच्या पायावर होता. तो तिथेच थांबला.